प्रसाद गळ्यात असताना

शनिवारी सकाळी बागायतदाराची लेक पटांगणाच्या कडेला येऊन उभी राहिली, तेव्हा वीटवाली चिखल तुडवत होती. चिखल पोटरीपर्यंत होता. एक पाय काढायचा, दुसरा रुतवायचा, कमरेवर हात ठेवून पुन्हा पहिला काढायचा. तिचा नवरा उकिडवा बसून साच्यात तो तुडवलेला चिखलाचा गारा भरत होता, वरचा जादा तळहाताने कापून काढत होता आणि साचा उपडा करून वीट जमिनीवर ठेवत होता. सासू मागच्या रांगांतल्या अर्ध्या सुकलेल्या विटा एकेक करून कडेवर उभ्या करत होती.

"विटा उचला म्हणून सांगितलं होतं," लेक म्हणाली.

"कच्च्या विटा उचलून ठेवू कुठे? डोक्यावर?" नवऱ्याने मान वर केली नाही.

"ते तुम्ही बघा. फळांच्या शेडसाठी आम्हाला जागा मोकळी हवी आहे."

"ही जागा तुमच्या वडिलांनीच माझ्या बापाला दिली. खड्डा होता इथे. बापाने भरला, ठोकून सपाट केला. तुमच्या वडिलांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, भट्टी चालेल तोवर जागा तुझी."

"मग त्यांनाच विचारा शब्दाचं."

"फाटक उघडा, आत्ता येतो विचारायला. असाच, चिखलासकट."

"बाबांना माणसं सोसत नाहीत. डॉक्टर आणि प्रसाद आणणाऱ्या बाई, एवढेच आत." असं म्हणून तिने वीटवालीकडे पाहिलं. चिखलाने भरलेल्या पायांपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "उद्या याल तेव्हा नखं जरा साफ करून या. मागच्या वेळी बाबा म्हणत होते."

ती गेली. नवऱ्याने पुढची वीट उपडी केली तर तिचा कोपरा तुटला. त्याने ती उचलून इतक्या जोराने ढिगात फेकली की सासूच्या तोंडावर चिखल उडाला.

"विटेवर काय राग काढतोस," सासू म्हणाली. "तिच्या अंगावर फेकायची होतीस."

संध्याकाळी हातपाय धुताना नवऱ्याने विषय काढला.

"उद्या तू आत जाणारच आहेस. विचार म्हाताऱ्याला."

"प्रसाद गळ्यात असताना नाही विचारता येत."

"मग दिल्यावर विचार. दिल्यावर तर बोलतेस ना?"

"दिल्यावर विचारीन," ती म्हणाली. "तोंडावर विचारीन."

चर्चमध्ये सेवा करणारे बरेच होते. कोणी वाचन करायचे, कोणी गायचे, कोणी दाराशी उभे राहून म्हाताऱ्यांना हात द्यायचे. वीटवालीकडे मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद, वेदीवरची पवित्र भाकर, नेण्याचं काम होतं. आधीच्या म्हाताऱ्या फादरांनी तिला ते शिकवलं होतं. प्रसादाची डबी पिशवीत, पिशवी गळ्यात, आणि सरळ आजाऱ्याच्या खाटेपाशी. वाटेत थांबायचं नाही, दुसरं काम करायचं नाही, प्रार्थनेशिवाय बोलायचं नाही. बाकीचे हे काम करणारे वाटेत भाजीचा भाव विचारायचे, कोणाच्या बाळाचा गालगुच्चा घ्यायचे. हिने मात्र नियम कधी मोडला नव्हता. तिला पिशवी घालून येताना पाहिलं की रस्त्यावरचे लोक बाजूला व्हायचे. सायकलवाला घंटी वाजवायचा नाही. आठवडाभर जिला कोणी नीट हाकही मारत नसे, तिला तेवढ्या वाटेवर सगळे वाट द्यायचे. हे तिला आवडायचं. आवडतं हे ती कोणाला सांगायची नाही.

रविवारी पहाटे तिने नखं ब्रशने घासली. मग सुईने कोरली. बोटं हुळहुळली, तरी नखांच्या मुळाशी तांबडी रेघ राहिलीच.

"पुरे आता," सासू म्हणाली. "सालपटं निघतील. चोर तो आणि हात तू धुतेस."

सासू आणि नवरा पहाटेच्या मिस्सेला जाऊन आले होते, आता विटा पालटायला पटांगणावर जाणार होते. ती एकटीच मोठ्या मिस्सेला गेली.

त्या दिवशी वाचनाला बागायतदाराची लेक होती. ती फार सुरेख वाचायची. प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ. मागच्या बाकावरचे बहिरे आजोबासुद्धा मान डोलवायचे. त्या दिवशी ती जरा उशिरा आली, आणि वाचनाच्या ग्रंथाकडे चालत गेली तेव्हा तिच्या कोऱ्या बुटांच्या कडा ओल्या होत्या. वीटवालीने ते पाहिलं आणि सोडून दिलं. बाग म्हटली की पाणी आलंच.

मिस्सा संपली. फादरांनी डबीत एक प्रसाद ठेवला, झाकण लावलं. तिने पिशवी गळ्यात घातली, वरून हात धरला आणि निघाली.

भट्टीजवळच्या वळणावर तिला पाण्याचा आवाज आला.

बागेच्या भिंतीला खाली एक मोरी होती. पाठीएवढी रुंद, गुडघ्याएवढी उंच. आतल्या बाजूने बागेचा पाट भिंतीलगत जायचा आणि मोरीच्या खाचेत जाड फळी बसवलेली असायची. पाट साफ करायचा असेल तेव्हाच फळी काढायचे, तेही आधी सांगून, म्हणजे नवरा चर खणून पाणी ओढ्याकडे वळवायचा. आज फळी काढलेली होती. पाणी मोरीतून जाडजूड उसळत पटांगणात शिरलं होतं आणि विटांच्या रांगांमधून सगळीकडे पसरलं होतं.

खालची रांग बसली होती. विटांचे कोपरे आधी गेले, मग कडा, मग त्या एकमेकींवर कलल्या आणि त्यांचा पुन्हा गारा झाला. नवरा मोरीच्या तोंडाशी दगड, पोती, काय मिळेल ते लावत होता आणि पाणी ते उचलून बाहेर फेकत होतं. सासू पोटाशी विटा धरून भट्टीच्या उंचवट्याकडे धावत होती. धावणं कसलं, चिखलातून पाय ओढत होती.

"आलीस!" नवरा ओरडला. "पळ! इकडून नाही थांबत, आतून फळी टाकायला हवी! तुला आत सोडतील!"

तिने पावलं थांबवली नाहीत.

"ऐकू येतंय का? फळी तिथेच असेल भिंतीला! जाता जाता टाक, एवढंच!"

तिने पिशवीवरचा हात घट्ट केला. सासू समोरून येत होती. सुनेच्या गळ्यात पिशवी दिसताच सवयीने ती बाजूला झाली, पाण्यात उभी राहिली आणि छातीशी विटा असल्यामुळे एका बोटानेच कपाळावर क्रूस काढला. कपाळावर चिखल लागला. तिच्या हातांतली वरची वीट तेवढ्यात मधोमध मोडली.

वीटवाली त्यांच्या मधून निघून गेली.

"अगं!" नवऱ्याचा आवाज मागून आला. त्यानंतर तो जे बोलला ते त्याने लग्नानंतर कधी तिला म्हटलं नव्हतं.

ती मनात म्हणत होती, आधी देते. देते आणि मग येताना फळी टाकते. मग म्हाताऱ्याला काय विचारायचं ते विचारते. वेळ लागायचा नाही. सरळ जायचं, द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

गड्याने फाटक उघडलं आणि मान खाली घातली. वाट पाटाच्या कडेनेच घराकडे जात होती. फळी मोरीशेजारी भिंतीला टेकवलेली होती. हात लांब केला असता तर पोचला असता.  ती पुढे गेली. मागे वळून पाहिलं नाही, पण गाडीतून उतरलेल्या लेकीच्या बुटांचा आवाज मोरीपाशी येऊन थांबलेला तिने ऐकला.

बागायतदार खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. शिडीवरून पडल्यापासून कमरेखालचं अंग गेलं होतं. तोंड मात्र चांगलं चालत होतं.

"ये, ये. आज उशीर केलास. वाटेत पाणी लागलं का?"

तिने खाटेशेजारच्या टेबलावर पांढरं कापड पसरलं, मेणबत्ती लावली, डबी ठेवली.

"बोलू नकोस. तुझा नियम मला माहीत आहे. सगळ्या गावात तूच एक नियमाची." तो हसला. "म्हणून तर मी लेकीला म्हटलं, फादरांना सांग, हीच बाई पाठवा. दुसऱ्या बाया फार बडबडतात."

मेणबत्तीची ज्योत वाकडी होत होती. तिने खिडकीचं एक दार लोटलं. बाहेरून नवऱ्याचं ओरडणं येत होतं.

"तुझा सासरा चांगला होता," म्हातारा म्हणाला. "त्याला जागा दिली ती त्याला दिली. तो गेला. आता तुझ्या नवऱ्याने समजून घ्यायला नको? मी नीट सांगून पाहिलं. पाण्याला काय, उतार दिसेल तिकडे जातं ते." त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. "आज घासलेली दिसतात."

तिने क्रूसाची खूण केली आणि सुरुवात केली. आपण आपली पापे आठवू या. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि लगेच उघडले. त्याने छातीवर हात मारून, माझ्या अपराधामुळे, माझ्या अपराधामुळे, असं भराभर म्हटलं. बाहेर काहीतरी धप्पकन पडलं. मधल्या रांगेचा ढीग असणार. तिने शुभवर्तमानातलं वचन वाचलं. मग दोघांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. तिचा आवाज पुढे, त्याचा मागे.

आजची भाकर आम्हाला आज दे, इथपर्यंत ती आली.

पुढचं वाक्य तोंडातून निघेना. जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो. लहानपणापासून ती हे वाक्य रोज म्हणत आली होती. ते कधी कोणाच्या समोर बसून म्हणावं लागलं नव्हतं.   क्षमा करतो म्हणायचं, कोणाला? ह्याला? आत्ता? तिकडे म्हातारी बाई पाण्यात उभी असताना? म्हणजे खोटं बोलायचं, तेही ह्या डबीसमोर, आणि मग त्याच हाताने झाकण उघडायचं.

"काय झालं?" म्हाताऱ्याने डोळे उघडले. "म्हण ना पुढे. जशी आम्ही..."

ती डबीकडे पाहत राहिली.

"विसरलीस का? प्रार्थना विसरली!" तो हसला आणि मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. "हे बघ, तू फक्त आणणारी आहेस. दे आणि जा."

तिने मेणबत्ती विझवली. कापडाची घडी केली. डबी पुन्हा पिशवीत घातली.

"अगं ए! मला न देता? लेकी! ए लेकी! ही प्रसाद परत नेते आहे!"

बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आता काय झालं आहे. प्रसाद अजून गळ्यातच होता. दिलेला नव्हता. म्हणजे ती अजून मोकळी नव्हती. न दिलेला प्रसाद सरळ चर्चमध्ये परत न्यायचा, आणि वाटेत थांबायचं नाही. मोरीपाशी आली तेव्हा भिंतीला फळीही नव्हती. लेक व्हरांड्यात मोबाइल कानाला लावून उभी होती.

पटांगणावरून ती तशीच परत गेली. निम्म्या रांगा सपाट झाल्या होत्या. नवरा धावत आडवा आला.

"टाकलीस का फळी? पाणी थांबलं नाही! काय म्हणाला तो?"

ती त्याला वळसा घालून पुढे गेली.

"दिलास ना प्रसाद? मग बोल की!" त्याला पिशवी दिसली, तिच्यावर घट्ट धरलेला हात दिसला. "नाही दिलास? मग तेवढा वेळ आत काय करत होतीस?" त्याचा आवाज फाटला. "आई, बघ तुझी सून. सगळं वाहून गेलं तरी ही मिरवणूक काढते आहे!"

 सासू पाण्यातच खाली बसली होती.

फादर वेदीमागच्या खोलीत झग्यावरची मिस्सेची वस्त्रं काढून ठेवत होते. फोन आला होता हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि मग पहिल्यांदा बोलली.

"मला देता आला नाही."

"आजारी माणसाला तुम्ही प्रसाद नाकारलात?"

"त्यांना नाकारला नाही. मला ते वाक्य म्हणता येईना, क्षमेचं. ते न म्हणता कसा देऊ?"

"बाई, वाक्य म्हणायचं असतं. आधी तोंडात येतं, मग हळूहळू मनात उतरतं. सगळ्यांचं तसंच आहे, माझंही." फादर वाईट नव्हते. त्यांनी हे समजावणीच्या सुरातच सांगितलं. "तुमचं त्यांचं भांडण आहे, ठाऊक आहे मला. पण त्यात प्रसाद ओढायचा नाही. ते काय हत्यार आहे?"

"हत्यार मी केलं?" ती म्हणाली. "त्यांच्या फळीला मी हात लावला नाही फादर. हाताशी होती. माझ्या विटा विरघळत होत्या आणि मी सरळ गेले. दोनदा गेले. नवऱ्याच्या तोंडावरून गेले. ह्या पिशवीमुळे त्यांना माहीत होतं मी बोलणार नाही, म्हणून त्यांनी पाणी सोडलं रविवारी. हत्यार कोणी केलं?"

"पाण्याचं आपण नंतर बघू."

"नंतर काय बघाल? चिखल?"

फादरांचे कान लाल झाले. त्यांनी पिशवी उचलून स्वतःच्या गळ्यात घातली. "मी जातो त्यांच्याकडे. आणि पुढच्या रविवारपासून तुम्ही वेदीच्या फुलांचं बघा. तीही सेवाच आहे."

ते निघाले. ती त्यांच्या मागे निघाली. चला म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं आणि येऊ नका म्हणूनही सांगता आलं नाही, कारण आता पिशवी त्यांच्या गळ्यात होती.

पटांगणावर आल्यावर फादरांनी झग्याचा घोळ दोन्ही हातांनी वर उचलला आणि कोरडी जागा शोधत, उड्या मारत पलीकडे गेले. सासूने उठून त्यांना वाट दिली. नवरा हातात फावडं घेऊन नुसता उभा होता. वीटवाली त्याच्याजवळून जाताना म्हणाली, "मोरीच्या तोंडाशी बसा. गारा जमवून ठेवा. घट्ट."

"बोलायला लागली," तो कडवटपणे म्हणाला. पण त्याने फावडं रोवलं.

गड्याने फादरांसाठी फाटक उघडलं. त्यांच्या मागोमाग ती आत शिरली. फादर घरात गेले आणि ती मोरीपाशी थांबली.

"फळी शोधताय?" लेक व्हरांड्यातून म्हणाली. "नाही मिळायची. आणि पाट आमचा आहे. हात लावू नका."

तिने हात लावला नाही. बूट काढून बाजूला ठेवले, चर्चचे चांगले कपडे होते तसेच, आणि पाटात उतरली. पाणी मांडीपर्यंत होतं आणि गार होतं. ती मोरीकडे पाठ करून खाली बसली. पाण्याने तिला मागे ओढलं, पाठ मोरीच्या चौकटीत अडकली आणि दगडाच्या कडा दोन्ही खांद्यांत रुतल्या. बरगड्या आवळल्यासारख्या झाल्या. तिने टाचा पाटाच्या समोरच्या काठाला रोवल्या. रोज चिखल तुडवणारे पाय होते. हलले नाहीत.

मागचा उसळणारा आवाज थांबला. पाणी तिच्या पोटापर्यंत चढलं, छातीला लागलं आणि पाटाच्या काठावरून बागायतदाराच्या अंगणात सांडायला लागलं. व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेलं. लेक मागे सरकली.

"उठा! वेड लागलं का? गडी! उठव हिला!"

गडी आला, दोन पावलं दूर उभा राहिला. "बाईमाणसाला कसा हात लावू, ताई? प्रसाद आणतात त्या."

फादर बाहेर आले. गळ्यातली पिशवी आता त्यांच्या हातात होती. त्यांच्या बुटांत पाणी गेलं.

"बाई, हे काय? उठा तिथून."

"दिलात?"

"दिला."

"आता बोलता येतं ना तुम्हाला? मग हिला सांगा, फळी आण म्हणून."

फादरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. दोघंही वाचनाच्या ग्रंथासमोर पान सापडत नसल्यासारखे उभे राहिले. शेवटी फादर म्हणाले, "आज रविवार आहे. उद्या सगळे शांतपणे बसून..."

"मी बसलेच आहे," ती म्हणाली.

खिडकीचं लोटलेलं दार आतून काठीने ढकलून उघडलं गेलं. बागायतदाराचा चेहरा दिसला. त्याच्या ओठाच्या कडेला अजून ओल होती.

"लाज नाही वाटत? तू प्रसाद नेणारी बाई आहेस!"

"होते," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या पाठीला मागून काहीतरी मऊ, जड लागलं. मग त्याच्या शेजारी आणखी एक. भिंतीच्या पलीकडून नवरा विरघळलेल्या विटांचा गारा मोरीत भरत होता, मुठीने ठोकत होता. तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी त्याची बोटं फटी चाचपत होती. सासूचा आवाज भिंतीतून बारीक आला, "खालच्या कोपऱ्यात घाल, तिथून झिरपतंय."

"दुखतंय का?" नवऱ्याने मोरीतून विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली. "तुम्ही भरा. घट्ट भरा. मी उठल्यावर निसटता कामा नये."